सेंटॉरचे धड, ख्रिस्ताचा देह

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात रुबेन्सने 1612 च्या सुमारास रंगवलेले ख्रिस्ताचे एक चित्र आहे. रोमन सुभेदार पिलाताने जमावापुढे आणून उभा केलेला ख्रिस्त. डोक्यावर काट्यांचा मुकुट, हात पाठीमागे बांधलेले, त्यामुळे खांदे मागे ओढले गेलेले आणि छाती-पोट उजेडात पुढे आलेले. पाहणाऱ्याची नजर चेहऱ्याआधी त्या धडावर जाते. हे धड आले कुठून, याचा पत्ता कोलोनच्या संग्रहालयातल्या रुबेन्सच्याच एका रेखाटनात लागतो. रोममधल्या बोर्गेसे घराण्याच्या संग्रहात तेव्हा एका सेंटॉरचा, म्हणजे कमरेखाली घोडा आणि वर माणूस असलेल्या प्राण्याचा, संगमरवरी पुतळा होता. आज तो पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. सेंटॉर वयाने उतरलेला, त्याच्या पाठीवर इवलासा मदन बसलेला आणि म्हाताऱ्याचे हात मागे करकचून बांधलेले. उतारवयात वासनेने केलेली फजिती, असा त्या शिल्पाचा विषय. अशा फजीत झालेल्या अर्धपशूची छाती रुबेन्सने उचलली आणि ती देवाच्या पुत्राला दिली.

रुबेन्स श्रद्धाळू कॅथलिक होता, चर्चची मोठमोठी कामे करणारा होता. देवाधर्माची टिंगल करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. मग हे त्याच्या हातून झाले कसे? सोपे उत्तर असे की देखणी शरीरे मिळण्याचे ठिकाण म्हणजे प्राचीन पुतळे, आणि त्या काळचे सगळेच कलावंत तिथून उचलत. पण या उत्तराने उचलले हे कळते, उचलता कसे आले हे कळत नाही. माझे म्हणणे असे की सतराव्या शतकात रोमला जाऊन पुतळ्यांची रेखाटने करणाऱ्या कलावंतांपैकी जे खरे मोठे होते, त्यांच्यासाठी कागद ही पुतळ्याची नक्कल उतरवून घेण्याची जागा नव्हतीच. पुतळ्याचे नावगाव, त्याची कथा आणि त्याचा दगड या तिन्हींपासून त्याची आकृती सोडवून घेण्याची ती जागा होती. कागदावर आल्यावर सेंटॉर सेंटॉर राहत नाही. उरते ती एक छाती, हात बांधल्यावर ती कशी ताणली जाते याचे ज्ञान, आणि ते ज्ञान कुठल्याही कथेत खर्च करता येते.

पीटर पॉल रुबेन्स 1600 च्या मे महिन्यात अँटवर्पहून इटलीला निघाला तेव्हा तो 22 वर्षांचा होता. मान्तुआच्या ड्यूकच्या पदरी त्याला चाकरी मिळाली, पण त्याचे मन रोममध्ये. 1601-02 मध्ये एकदा आणि पुढे 1605 च्या अखेरीपासून 1608 पर्यंत बराच काळ तो तिथे राहिला. दुसऱ्या मुक्कामात थोरला भाऊ फिलिपही रोममध्ये होता. फिलिप हा यूस्टुस लिप्सियस या स्टोइक विचारांच्या विद्वानाचा लाडका शिष्य आणि एका कार्डिनलचा ग्रंथपाल. भाऊ प्राचीन ग्रंथांतले उतारे तपासत असे आणि हा दगड तपासत असे. 1608 मध्ये फिलिपचा प्राचीन रोमन चालीरीतींवरचा लॅटिन ग्रंथ अँटवर्पला छापला गेला, त्यातली काही चित्रे रुबेन्सच्या रेखाटनांवरून कोरलेली आहेत. म्हणजे पुतळ्याकडे पुरावा म्हणून, पोशाखाचा नि पादत्राणांचा दस्तऐवज म्हणून कसे पाहायचे हे त्याला उत्तम येत होते. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण स्वतःसाठी रेखाटताना त्याने तसे पाहिले नाही.

त्या काळच्या रोममध्ये कलावंताने पाहावे असे पुतळे कोणते, याची यादी जवळपास ठरून गेलेली होती. व्हॅटिकनच्या बेल्व्हेदेरे चौकातला अपोलो, तिथलेच हातपाय आणि शिर नसलेले प्रसिद्ध धड, फार्नेसे राजवाड्यातला तीन मीटरहून उंच हर्क्युलिस, पायातला काटा काढणारा ब्राँझचा मुलगा, आणि या सगळ्यांच्या वर लाओकून. 1506 च्या जानेवारीत एस्क्विलिन टेकडीवरच्या एका द्राक्षमळ्यात हा शिल्पसमूह सापडला आणि रोमन लेखक प्लिनीने वर्णिलेले शिल्प ते हेच, असे लगेच ओळखले गेले. ट्रॉयचा पुरोहित आणि त्याचे दोन मुलगे सापांच्या विळख्यात सापडले आहेत. बाप मागे रेललेला, पोट आत ओढलेले, बरगड्यांचा पिंजरा वर आलेला, तोंड अर्धे उघडे. रुबेन्सने लाओकूनची एकदोन नव्हे, कितीतरी रेखाटने केली. त्यांतली काही मिलानच्या आंब्रोझियाना ग्रंथालयात आहेत.

ही रेखाटने काळ्या खडूची आहेत. समोरून दिसणारे दृश्य, जे प्रत्येक छापील चित्रात मिळत होते, तेवढ्याने त्याचे भागले नाही. तो बाजूला सरकतो, मागे जातो, खाली बसून वर पाहतो. बापाला मुलांपासून वेगळे काढतो, एका मुलालाच घेऊन पूर्ण कागद त्याला देतो. समूह म्हणून शिल्प जी गोष्ट सांगते ती अशी मोडून टाकली की हाती राहतात सुटे देह, प्रत्येक आपापल्या वेदनेत. आणि खडू तो असा चालवतो की दगडाची कड कुठेच धारदार लागत नाही. सावली घट्ट ओळीने थांबत नाही, बरगडीवरून उतरताना मऊ होत जाते आणि सावलीच्या पोटातही परावर्तित उजेडाची फिकट पट्टी राहते. उन्हातल्या संगमरवरावर सावली अशी पडत नाही, कातडीवर पडते.

इथे पहिली शंका येईल ती अशी: ही तर उमेदवारीतली मेहनत झाली. शिकणारा माणूस पुतळा समोर ठेवून हात बसवतो, चारी बाजूंनी काढतो, त्यात एवढे तत्त्वज्ञान कशाला शोधायचे? शंका रास्त आहे, पण रुबेन्सच्या बाबतीत ती टिकत नाही. रोमला आला तेव्हा तो शिकाऊ नव्हता. 1598 मध्येच अँटवर्पच्या चित्रकार-संघाने त्याला उस्ताद म्हणून दाखल करून घेतले होते. दुसरे म्हणजे आपण काय करतो आहोत याविषयी त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुतळ्यांच्या अनुकरणावरचे त्याचे छोटेसे लॅटिन टिपण रॉजे द पील या फ्रेंच कलासमीक्षकाने 1708 मध्ये छापले. त्यात रुबेन्स म्हणतो की पुतळ्यांचे अनुकरण काही चित्रकारांना अतिशय उपकारक ठरते, तर काहींच्या कलेचा त्याने पार नाश होतो. पुतळे पुरते समजले पाहिजेत, अंगात भिनले पाहिजेत, पण चित्रात दगड मात्र अजिबात जाणवता कामा नये. त्याचे कारणही तो कारागिराच्या काटेकोरपणे देतो. मांस, कातडी, कूर्चा यांत उजेड थोडा आत शिरतो, म्हणून त्यांच्या सावल्या कोवळ्या असतात. दगड उजेडाला आत घेत नाही, त्याच्या सावल्या काळ्या आणि कठोर पडतात. शिवाय अंग वाकले की कातडीला घड्या पडतात, त्या बहुतेक मूर्तिकार टाळतात. ज्याला पदार्थ आणि आकृती यांतला फरक कळत नाही तो माणसाऐवजी रंगवलेला संगमरवर काढतो.

एवढे सांगून मग पुतळ्यांकडे जायचेच कशाला, याचे त्याने दिलेले उत्तर वाचून आज हसू येईल. त्याच्या मते आताची माणसे आळसावली आहेत, खाऊनपिऊन पोटे सुटली आहेत, व्यायाम कोणी करत नाही. प्राचीन लोक रोज घाम गाळत, म्हणून त्यांची शरीरे तशी होती आणि ती पाहायची तर आता दगडातच. तालमीच्या वस्तादाने करावी तशी ही तक्रार आहे. पण त्यातली धारणा महत्त्वाची. रुबेन्सच्या लेखी पुतळा म्हणजे आदर्श सौंदर्याचा स्वर्गीय नमुना नव्हता. एके काळी खरोखर वावरलेल्या, धडधाकट माणसाची ती नोंद होती. ज्याची नोंद झाली त्या माणसापर्यंत परत पोचायचे, तर नोंदीच्या पदार्थातून पलीकडे जावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. माणूस आधी काम करतो आणि मग त्याला शोभेलसा सिद्धांत रचतो. रेखाटने आधीची, टिपण बहुधा मागाहूनचे, तेव्हा टिपणाच्या चष्म्यातून रेखाटने वाचणे म्हणजे घोड्याआधी गाडी जुंपणे. यावर माझे उत्तर ब्रिटिश म्युझियममधल्या एका कागदात आहे. पायातला काटा काढणाऱ्या मुलाचा ब्राँझ पुतळा पोप चौथा सिक्स्टस याने 1471 मध्ये रोमच्या नागरिकांना दिला, तेव्हा तो कॅपिटोल टेकडीवर आला. रुबेन्सच्या कागदावर लाल खडूने त्याच बैठकीतला तरुण दोनदा काढलेला आहे. अभ्यासकांचे बहुमत असे की हे पुतळ्यावरून केलेले काम नाही, जिवंत माणसाला त्या पुतळ्यासारखे बसवून केलेले आहे. म्हणजे पुतळ्याची बैठक खऱ्या हाडामांसावर चढवून पाहायची, दगडाने किंवा धातूने काय खरे सांगितले आणि काय गाळले ते तपासायचे. हा प्रयोग कोणताही निबंध न वाचता कागदावरच वाचता येतो. सिद्धांत मागाहून लिहिला असेलही, व्यवहार आधीपासून तसाच होता.

सगळेच मात्र असे पाहत नव्हते, आणि रुबेन्सचे वेगळेपण कळायला त्याचे समकालीन शेजारी ठेवून पाहावे लागतात. त्याच्या आधी दहाएक वर्षे, 1591 मध्ये, हार्लेमचा हेंड्रिक गोल्ट्सियस रोमला आला आणि खडूने पुतळ्यांची नेटकी रेखाटने करून घेऊन गेला. त्याला त्यांवरून ताम्रपट कोरायचे होते, म्हणून काम स्वच्छ नि नेमके. त्याने फार्नेसे हर्क्युलिस पाठीमागून कोरला, त्यात खाली दोन बघ्ये माना वर करून उभे आहेत. फार मजेदार चित्र आहे, पण तिथे पुतळा पुतळाच राहतो आणि माणसे त्याला पाहतात. कास्सियानो दाल पोत्सो या रोमच्या विद्वान रसिकाने तर कागदी संग्रहालयच उभे केले. प्राचीन अवशेषांची आणि निसर्गातल्या वस्तूंची सात हजारांहून अधिक चित्रे त्याने करून घेतली. त्यासाठी राबलेले तरुण चित्रकार गुणी होते, पण काम नोंदीचे. 1624 मध्ये रोमला आलेला निकोला पूसाँ आणि त्याचा मूर्तिकार मित्र द्यूकेनोआ यांनी बेल्व्हेदेरेतल्या अँटिनस या पुतळ्याची मापे घेतली. शिराच्या किती पट धड, धडाच्या मानाने पाय किती, असा तो हिशोब. कलावंतांचा चरित्रकार बेल्लोरीने 1672 मध्ये पूसाँच्या चरित्रासोबत ती छापली. 1683 मध्ये झेरार ओद्राँने नामांकित पुतळ्यांच्या मापांचे पुस्तकच काढले.

ही मापाची परंपरा पुढे फार लांब गेली, कारण ती शिकवता येते. अकादम्यांनी ती उचलली, प्लॅस्टरच्या प्रतिकृती गावोगाव गेल्या, आणि 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत ती पोचली. ग्रीक-रोमन मूर्तींचे पांढरे ठसे समोर ठेवून तिथल्या मराठी मुलांनी वर्षानुवर्षे छायाप्रकाश गिरवला. त्या पद्धतीवर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी खरी आहे. पण त्याच शाळेत शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे यांनी 1896 मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. देवळाला निघालेल्या त्या बाईच्या नऊवारीच्या चुण्या पाहिल्या की ठशांसमोर घालवलेला काळ वाया गेला असे म्हणवत नाही. तिथे ग्रीक वस्त्र उरलेले नाही, अंगावरून कापड कसे उतरते याचे ज्ञान उरले आहे. रुबेन्सला जी पचनशक्ती अभिप्रेत होती ती अशी. वर्ग भरवून ती सगळ्यांना देता येत नाही.

तिसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो. पुतळ्यांवाचून अडते कुठे? रुबेन्स रोममध्ये असतानाच कारावाज्जो तिथे रस्त्यावरची माणसे उभी करून रंगवत होता. बेल्लोरी सांगतो की फिडियस आणि ग्लायकॉन यांचे पुतळे अभ्यासायला सुचवले, तेव्हा कारावाज्जोने जमावाकडे बोट दाखवले, निसर्गाने आपल्याला पुष्कळ गुरू दिले आहेत, असे म्हटले, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका जिप्सी बाईला बोलावून तिचे चित्र काढले. ग्लायकॉन म्हणजे ज्याची सही फार्नेसे हर्क्युलिसवर आहे तो. बेल्लोरीने हे दोषारोप म्हणून लिहिले, आज ते कौतुकाने सांगितले जाते. पण रुबेन्सला या दोन वाटा एकमेकींच्या विरोधातल्या वाटल्याच नाहीत. कारावाज्जोचे ‘मरियमेचा मृत्यू’ हे चित्र ज्या चर्चसाठी काढले होते त्याने नाकारले, तेव्हा 1607 मध्ये ते मान्तुआच्या ड्यूकने विकत घ्यावे असा सल्ला देणारा रुबेन्सच होता. सुजलेल्या, उघड्या पायांची ती मेलेली मरियम ज्याला पटली, तो पुतळ्यांकडे खऱ्या माणसापासून पळ काढण्यासाठी जात नव्हता हे उघड आहे. कारावाज्जोच्या पद्धतीला एक मर्यादाही होती. माणूस तासन्‌तास बसवता येतो, उभा करता येतो, पण सापाशी झुंजताना किंवा वधस्तंभासकट उचलला जाताना धरून ठेवता येत नाही. 1610-11 मध्ये अँटवर्पसाठी रंगवलेल्या ‘क्रूस उभारताना’ या चित्रात क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या ताणलेल्या धडात आणि वर वळलेल्या नजरेत लाओकून जाणवतो तो यामुळे. पराकाष्ठेचा ताण आणि तरी स्थिर राहिलेली आकृती, ही गोष्ट फक्त पुतळ्याकडून मिळत होती.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. ज्या प्राचीनतेचा हा एवढा अभ्यास, ती प्राचीन तरी होती का? लाओकूनचा उजवा हात रुबेन्सने पाहिला तो सोळाव्या शतकात मोन्तोर्सोलीने बसवलेला, सरळ वर उंचावलेला. खरा हात कोपरात मुडपलेला होता आणि तो 1906 मध्ये पुरातत्त्वज्ञ लुडविग पोलाकमुळे पुढे आला. हर्क्युलिसचे पाय तेव्हा गुल्येल्मो देल्ला पोर्ताने घडवलेले होते. आणि सेनेकाची गोष्ट तर पुरती चकवणारी. बोर्गेसे संग्रहात काळ्या दगडाचा एक वाकलेला म्हातारा होता. गुडघे मुडपलेले, शिरा तट्ट फुगलेल्या, तोंड उघडे. नीरोच्या हुकमावरून शिरा कापून घेऊन मेलेला स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका तो हाच, असे ठरवून जीर्णोद्धार करणाऱ्यांनी त्याला पाण्याच्या कुंडात उभे केले होते. लिप्सियसच्या शिष्याचा भाऊ असलेल्या रुबेन्सला त्याने झपाटले नसते तरच नवल. त्याने तो वेगवेगळ्या बाजूंनी रेखाटला आणि 1612-13 च्या सुमारास ‘सेनेकाचा मृत्यू’ रंगवला. म्युनिकमधल्या त्या चित्रात म्हातारा कुंडात उभा आहे, वैद्य शीर कापतो आहे, लेखनिक अखेरचे शब्द टिपतो आहे. वास्तविक तो पुतळा होता एका म्हाताऱ्या कोळ्याचा. खऱ्या सेनेकाचा चेहरा नाव कोरलेल्या एका जोडशिल्पात 1813 मध्ये सापडला, तो गुबगुबीत आणि टकला निघाला.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही घोडचूक आहे, यात वाद नाही. पण माझ्या म्हणण्याला ती बाधक नाही, उलट पोषकच आहे. रुबेन्सचे ज्ञान पुतळ्याच्या नावावर उभे असते, तर नाव खोटे ठरल्याबरोबर चित्र कोसळले असते. ते कोसळले नाही, कारण कागदावर त्याने टिपले होते ते वयाने वाकलेले, उन्हापाण्यात आयुष्य गेलेले शरीर. तुटलेल्या हाताच्या जागी बसवलेला नवा हात त्याला फसवू शकला, त्याच्या खालची छाती त्याला फसवू शकली नाही. कोळ्याला सेनेका करणे ही जीर्णोद्धारवाल्यांची चूक, आणि सेंटॉरला ख्रिस्त करणे हा रुबेन्सचा निर्णय. दोन्हींत घडले एकच, आकृती एका कथेतून सुटून दुसरीत गेली. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी चित्रकाराला ते पक्के ठाऊक होते.

हे सारे चित्रकाराच्या दगडाविषयीच्या भीतीतून आले, असे कोणी म्हणेल, म्हणून एका मूर्तिकाराची साक्ष काढतो. बर्निनीला दगडाची भीती असण्याचे कारण नव्हते. 1665 मध्ये तो पॅरिसला गेला तेव्हाचे त्याचे बोलणे तिथे त्याच्या सोबत असलेल्या शांतलूने रोजनिशीत टिपून ठेवले आहे. तिथल्या अकादमीला त्याने सांगितले की मुलांना आधी प्राचीन पुतळ्यांच्या ठशांवर बसवा, पहिल्यापासून जिवंत माणूस समोर दिलात तर हात दुबळाच राहील. तरुणपणी पहिली मूर्ती घडवताना अडले की आपण अँटिनसकडे कौल लावायला जावे तसे जात असू, असेही तो म्हणाला. ऐकायला हे पूसाँच्या पक्षाचे वाटते. पण लाइपझिगच्या संग्रहालयात त्याचे काही कागद आहेत. एकावर लाओकूनचे धड आहे. पुढच्या कागदांवर ते वळत, लांबत जाते, हात वर येऊन जुळतात. रोमच्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमधल्या किजी प्रार्थनागृहासाठी 1657 पर्यंत घडवून पुरा झालेला दानिएल तो हाच, सिंहाच्या गुहेत गुडघ्यावर येऊन देवाला हाक मारणारा. देवांनी ज्याला मारले त्या पुरोहिताच्या शरीरातून, देवाने ज्याला वाचवले तो संदेष्टा निघाला. बर्निनीला दगडातून पुन्हा दगडातच जायचे होते आणि तरीही मधे कागदावर थांबावे लागले. कारण संगमरवर छिन्नीने फोडता येतो, त्याला चिकटलेली कथा छिन्नीने फुटत नाही.

अँटवर्पला परतल्यावर रुबेन्सला मूळ मूर्तींचीही ददात उरली नव्हती. 1618 मध्ये त्याने आपली चित्रे देऊन इंग्रज राजदूत डडली कार्लटनकडून प्राचीन शिल्पांचा अख्खा संग्रह घेतला, आणि काही वर्षांनी त्यातला मोठा भाग ड्यूक ऑफ बकिंगहॅमला विकूनही टाकला. शिल्पे त्याने विकली, रेखाटने मात्र विकली नाहीत. ती त्याच्या खासगी खोलीत कुलपाआड असत. 1628 मध्ये तो राजकारणाच्या कामाने स्पेनला गेला तेव्हा घर विलेम पानेल्स या शिष्यावर सोपवून गेला, आणि पानेल्सने ती संधी साधून शेकडो रेखाटनांच्या नकला उतरवल्या. काहींवर त्याने गुप्त लिपीत खुणा करून ठेवल्या आहेत. त्या नकला आज कोपनहेगनला आहेत. 1640 मध्ये वारताना रुबेन्सने मृत्युपत्रात लिहिले होते की सर्वांत धाकटे मूल 18 वर्षांचे होईपर्यंत ही रेखाटने विकू नयेत, मुलगा चित्रकार झाला किंवा जावई चित्रकार मिळाला तर ती त्याला मिळावीत. तसे कोणी निघाले नाही आणि 1657 मध्ये ती विकली गेली. त्याची टिपणवही, जिच्यात हर्क्युलिसचे शरीर घन आणि चौकोनांत मांडून पाहिले होते, ती द पीलमार्फत पॅरिसच्या बूल नावाच्या नामांकित कारागिराकडे गेली आणि 1720 मध्ये त्याच्या कारखान्याला लागलेल्या आगीत जळाली. तिच्यात काय होते ते आपल्याला कळते इतरांनी करून ठेवलेल्या नकलांवरून.